राखणदाराच्या मुलीचे नाव पटावर

रत्नागिरी तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र:

‘आदरणीय ताई, सादर प्रणाम. आमची हापूसची बाग आहे. गेली तीन वर्षे राखणीसाठी नेपाळचे एक जोडपे दिवाळीच्या सुमारास येते आणि मे महिन्याच्या अखेरीस गावी परतते. त्यांना नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा आहे. मुलगी तिकडे दुसरीपर्यंत शिकली. इथे ती दिवसभर भावाला सांभाळते आणि हंगामात पेट्या भरताना आईच्या हाताखाली पेंढा अंथरते. यंदा मी तिला घेऊन जवळच्या मराठी शाळेत गेले. मुख्याध्यापक सज्जन आहेत, पण ते म्हणाले की आधार नाही, जन्माचा दाखला नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, शिवाय मे महिन्यात ती जाणारच. हवे तर येऊन बसू दे, नाव मात्र घालता येणार नाही. आमचे यजमान म्हणतात, परदेशी माणसांच्या भानगडीत पडू नकोस, उद्या चौकशी मागे लागेल. मुलीच्या आईलाही मराठी शिकून काय उपयोग, असे वाटते. वाडीतही कुजबुज सुरू आहे. मी चुकते आहे का, आणि चुकत नसेन तर पुढे काय करू?’

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही चुकत नाही. पण तुमच्या पत्रातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, आणि शाळेकडे वळण्याआधी त्याच्याविषयीच लिहिणे मला भाग आहे. मुलगी पेट्यांत पेंढा अंथरते, असे तुम्ही सहज लिहून गेला आहात. तुमच्या मनात वाईट काही नाही, हे मला कळते. आईबापांबरोबर मूल हाताला हात लावते, असे आपण सगळेच मानत आलो. मात्र २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेबाहेर घरच्या कामात मदत करण्याची जी सवलत कायद्याने ठेवली आहे, ती कुटुंबाच्या स्वतःच्या व्यवसायापुरती आहे, आणि बाग त्यांची नाही, तुमची आहे. म्हणून यंदाची पहिली पेटी भरली जाण्याआधी त्या दोघांना स्पष्ट सांगा की मुलीच्या हातचे काम बागेला नको आहे, आणि तिच्या नसण्याने त्यांच्या ठरलेल्या पैशांत एक रुपयाही कमी होणार नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे. ते तुम्ही बोलला नाहीत, तर शाळेची गोष्ट म्हणजे आपल्या पोटावर येणारी गोष्ट, असे त्या आईला वाटत राहील.

आता शाळेविषयी. मुख्याध्यापकांनी सांगितलेली चारही कारणे एकेक करून पाहू. ती त्यांनी मुद्दाम शोधून काढलेली नाहीत, पण त्यांतले एकही कायद्यापुढे टिकत नाही.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद २१-क आला आणि ६ ते १४ वर्षांच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची जबाबदारी राज्यावर आली. तिथे ‘बालक’ हा शब्द आहे, ‘नागरिक’ नाही. घटनेत जिथे हक्क केवळ नागरिकांपुरता ठेवायचा होता, तिथे तसा शब्द घातलेला आहे. भाषणस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ उघडून पाहिला की हा फरक लगेच ध्यानात येतो. या अनुच्छेदाला मूर्त रूप देणारा शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातही ६ ते १४ वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एवढीच बालकाची व्याख्या आहे. मूल कोणत्या देशाचे, हा प्रश्न तो कायदा विचारत नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करारही राष्ट्रीयत्वावरून मुलांत भेद करण्यास मनाई करतो.

जन्माचा दाखला नाही, हे पहिले कारण. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये सरळ म्हटले आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. अशा वेळी रुग्णालयाची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा आईवडिलांनी मुलाच्या वयाबद्दल दिलेले लेखी निवेदन यांवर भागवता येते. तरीही तुम्ही एक करा. नेपाळात जन्माची नोंद गावच्या वडा कार्यालयात होते आणि तिला ‘जन्मदर्ता’ म्हणतात. मुलीची जन्मदर्ता घरी असेल, तर आजी-आजोबांना किंवा काका-मामांना मोबाइलवर तिचे छायाचित्र पाठवायला सांगा. तिथली तारीख विक्रम संवतात असते, त्यामुळे जन्माचे वर्ष २०७३ असे दिसले तर इथल्या लिपिकाने तो कागद खोटा समजून बाजूला टाकू नये. वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेतून ५७ आणि जानेवारीपासून चैत्र सरेपर्यंतच्या तारखेतून ५६ वजा केले की आपले इसवी सन मिळते. म्हणजे संवत २०७३ च्या श्रावणात जन्मलेले मूल २०१६ चे. हा हिशेब अर्जातच लिहून द्या.

आधीच्या शाळेचा दाखला नाही, हे दुसरे कारण, आणि तेही कायद्याने निकाली काढले आहे. कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वर्ष सुरू होऊन गेले, ही सबबही कलम १५ मुळे चालत नाही. खरे तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य असल्याचे कलम ९ मध्ये वेगळे नमूद केलेले आहे. ‘मे महिन्यात ती जाणारच’ हे त्या मुलीला बाहेर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट अशा जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवूनच ही तरतूद झाली आहे. नऊ वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला कलम ४ प्रमाणे तिच्या वयाच्या वर्गात, म्हणजे चौथीत, बसवायचे असते. जे अंतर पडले असेल, ते भरून काढण्यासाठी किमान ३ महिने आणि जास्तीत जास्त २ वर्षांचे विशेष प्रशिक्षण शाळेने द्यायचे असते. दुसरीपर्यंतच शिकली म्हणून तिला सहा-सात वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसवू देऊ नका. त्या वयात तशी लाज मनाला फार लागते, आणि मूल एकदा लाजले की शाळेच्या वाटेला फिरकत नाही.

राहिले आधार. इथे मुख्याध्यापकांची अडचण समजून घेतली पाहिजे, नाहीतर तुमचे बोलणे भांडणाच्या वाटेने जाईल. आपल्या राज्यात शाळेला किती शिक्षक मिळणार हे संचमान्यतेत ठरते, आणि तिच्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या आणि आधार जुळलेले विद्यार्थी मोजले जातात. तुमच्या बागेतली मुलगी नोव्हेंबरात येणार आणि तिचे आधार नाही. म्हणजे शिक्षकाने तिला शिकवायचे, पण त्या शिकवण्याचा शाळेच्या शिक्षकसंख्येला काहीच उपयोग नाही. शिवाय ऑनलाइन नोंदी अपुऱ्या राहिल्या की वरून विचारणा होते ती मुख्याध्यापकांनाच. ज्यांच्या टेबलावर रोज असे रकाने येऊन पडतात, त्यांना कागद नसलेले मूल हे ओझे वाटू लागते, आणि यात दोष एकट्या त्यांचा नाही. मात्र व्यवस्थेची ही अडचण मुलीच्या हक्कापेक्षा मोठी नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला लाभापासून दूर ठेवता येणार नाही, असे सांगितले आहे. आधार नसलेल्या मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये घालायला कुणाचीही हरकत असण्याचे कारण नाही.

‘येऊन बसू दे, नाव मात्र घालता येणार नाही’ हे जे त्यांनी सुचवले, ते कृपा करून स्वीकारू नका. ते दयाळूपणाने सुचवलेले असले तरीही. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत असताना रस्त्याच्या कामावर आलेल्या मजुरांचा एक मुलगा असाच चार महिने माझ्या वर्गात बसला होता. हजेरीत त्याचे नाव नव्हते. मी मनापासून शिकवले आणि तो शिकलाही; जोडाक्षरे वाचण्यापर्यंत आला. मग काम संपले आणि तांडा पुढे गेला. पुढच्या गावच्या शाळेने त्याला विचारले असेल की तू कुठे शिकलास, तेव्हा त्याच्याकडे दाखवायला एक चिठोरेही नव्हते, कारण आमच्या दप्तरात तो कधी आलाच नव्हता. त्याचे नाव घालावे म्हणून मी आग्रह धरला नाही, याची खंत मला आजही आहे. पटावर नाव नसलेल्या मुलाला पुस्तके हक्काने मिळत नाहीत, पोषण आहाराच्या हिशेबात ते धरले जात नाही, त्याचे मूल्यमापन होत नाही, आणि ते यायचे थांबले तर कुणी चौकशीलाही जात नाही. म्हणून आग्रह नावाचाच धरा.

त्यासाठी तोंडी बोलून भागणार नाही. आता मुलीच्या वडिलांच्या नावाने एक साधा अर्ज लिहा; त्यांना लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्या. मुलीचे नाव, अंदाजे जन्मतारीख, आधी शिकलेली इयत्ता, सध्या राहण्याचे ठिकाण, कोणत्या वर्गात प्रवेश हवा आणि कलम ४, ५, १४ व १५ चा उल्लेख, एवढे त्यात असावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. बहुतेक वेळा लेखी अर्ज समोर आला की प्रश्न तिथेच सुटतो, कारण नकारही मग लेखी द्यावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असतात. त्यांतल्या दोघी-तिघींना आधी भेटून ठेवा. तेवढ्यानेही झाले नाही तर केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी, अशी वर जाण्याची वाट आहे. कलम ३२ खाली केलेल्या तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने ३ महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. पण तुमच्या बाबतीत तीन महिने म्हणजे जवळजवळ अर्धा मुक्काम, तेव्हा तक्रारीची पायरी शेवटचीच ठेवा. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात शाळाबाह्य मुलांचे काम पाहणारे कुणी ना कुणी असतेच. शिवाय शाळेबाहेरच्या मुलांना परत आणण्यासाठी आपल्या राज्यात बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक आहेत. तुमच्या तालुक्यातील अशा एखाद्या शिक्षकाचा शोध घ्या. ज्याने हे काम आधी केले आहे, तो मुख्याध्यापकांशी त्यांच्याच भाषेत बोलेल.

यजमानांच्या काळजीचे उत्तर थोडक्यात देता येते. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या करारानुसार एका देशाच्या नागरिकांना दुसऱ्या देशात राहण्याची, फिरण्याची आणि कामधंदा करण्याची मोकळीक आहे. तुमचे राखणदार लपूनछपून आलेले नाहीत. त्यांची माहिती तुम्ही पोलीस ठाण्यात दिली नसेल, तर यजमानांनी स्वतः जाऊन ती द्यावी, आणि कुटुंबात मुले किती आहेत तेही त्यात लिहावे. तेवढे झाले की चौकशीची भीती बाळगण्यासारखे काही उरत नाही.

वाडीतली कुजबुज मात्र मला जास्त खुपते. कोकणातल्या माणसाने बाहेरून आलेल्यांच्या मुलांविषयी असे बोलावे, याचे वाईट वाटते. आपल्याकडच्या घराघरातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली, दहा-बाय-दहाच्या खोलीत राहिली, आणि त्यांच्या मुलांना महापालिकेच्या शाळांनी आत घेतले. त्या महापालिकेने मराठीबरोबर गुजराती, हिंदी, उर्दू, कन्नड, तमिळ, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा काढल्या, कारण शहरात काम करायला येणारा माणूस आपले मूल आणि आपली भाषा घेऊनच येतो, हे तिथे मान्य झाले होते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मूल कुणाचे, हा प्रश्न त्यांनी त्या सक्तीच्या आड येऊ दिला नाही. आणि आजची स्थिती पाहा. आपल्या जिल्ह्यात कितीतरी वाड्यांवरच्या शाळांचा पट दहा-वीसच्या आत आला आहे, वर्ग ओस पडत आहेत, शाळा टिकेल की नाही याची चिंता गावाला आहे. आपली मुले शहरात गेली आणि बागा राखायला, मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून काम करायला नेपाळची माणसे आली. त्यांची मुले त्या वर्गात बसली, तर शाळेत पुन्हा आवाज येईल.

मुलीच्या आईचा प्रश्न सगळ्यांत खरा आहे आणि त्याला वेळ द्या. मराठी शिकून काय करायचे, असे ती विचारते, कारण जूनपासून मुलगी पुन्हा नेपाळी शाळेत असेल आणि तिथे मराठी कुणी विचारणार नाही. तिला हे सांगा की नेपाळी भाषा देवनागरीतच लिहिली जाते. दुसरी झालेली मुलगी मराठी पुस्तकातली बहुतेक अक्षरे पहिल्याच दिवशी ओळखेल; नवे अक्षर म्हणजे मुख्यतः ‘ळ’. गणित तर दोन्हीकडे सारखेच आहे, आणि सहा-सात महिने गणित सुटले की चौथीच्या वयात ते पुन्हा हाती लागत नाही. ती इथे मराठीसाठी जाणार नाही, शिकण्याची सवय मोडू नये म्हणून जाणार आहे, असे आईला पटले पाहिजे. बोलताना शब्दांना मात्र जपा. नेपाळीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण आणि आपल्याकडे ‘शिक्षा’ म्हणजे दंड. तिकडे ‘घाम’ म्हणजे ऊन. सुरुवातीचे काही दिवस अशा शब्दांवरून वर्गात गोंधळ होईल, आणि तेव्हा तिला कुणी हसू नये, एवढे वर्गशिक्षकांच्या कानावर घालून ठेवा. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे प्रत्येक नेपाळी माणसाला ‘बहादूर’ किंवा ‘गुरखा’ म्हणण्याची खोड आहे. तुमच्या पत्रातही तिचे नाव कुठे आलेले नाही; गुप्ततेसाठी ते गाळले असेल, तर उत्तमच. पण घरात, बागेत आणि शाळेत तिला तिच्या नावानेच हाक मारली जावी, हे तुमच्यापासून सुरू होऊ शकते.

एवढे सगळे झाले तरी ती शाळेत जाईलच असे नाही, जोवर तिच्या कडेवर तिचा भाऊ आहे. कागद, कायदा, भाषा यांच्याआधीचा अडसर हाच आहे, आणि तो दूर करणे तुमच्या हातात आहे. मुलगा तीन वर्षांचा आहे, म्हणजे अंगणवाडीच्या वयाचा आहे. जवळच्या अंगणवाडी सेविकेकडे त्याला घेऊन जा. तिथे त्याला खाऊ मिळेल, वजन-उंची पाहिली जाईल, लस राहिली असेल तर ध्यानात येईल, आणि त्याची नोंद पुढे वयाचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडेल. अंगणवाडी दुपारी लवकर सुटते आणि शाळा उशिरा. मधल्या वेळात आईला बागेतल्या कामातून मोकळीक द्या किंवा मूल तुमच्या पडवीत खेळू द्या. हे दोन-तीन तास कुणी सांभाळायचे, हे आधी ठरले नाही, तर आठवड्याभरात मुलगी पुन्हा घरी बसलेली दिसेल, आणि मग सगळे म्हणतील की तिलाच शाळेची आवड नव्हती.

पुढच्या हंगामाचे बोलणे कराल तेव्हा राखणीच्या अटींत मुलांचाही विचार करा. शक्य असेल तर त्यांची खोपी शाळेच्या पायवाटेकडच्या बाजूला द्या. फवारणीच्या दिवसांत मुलांना बागेत थांबावे लागू नये, यासाठीही शाळा आणि अंगणवाडी उपयोगी पडतील. दिवाळीऐवजी सप्टेंबरात येणे त्यांना जमत असेल आणि तुमच्याकडे तेव्हा काम असेल, तर ३० तारखेच्या आत तिचे नाव पटावर असेल आणि मुख्याध्यापकांचीही निम्मी अडचण कमी होईल.

आणि मे महिन्याची तयारी एप्रिलमध्येच करा. आंब्याच्या घाईत हे हमखास विसरले जाते. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक यांसाठी पंधरा दिवस आधी अर्ज द्या. दोन्हींवर तिचे आणि आईवडिलांचे नाव जन्मदर्तेवर आहे त्याच अक्षरांत आले आहे ना, हे स्वतः वाचून पाहा, कारण एका वेलांटीच्या फरकाने तिकडची शाळा तो कागद बाजूला ठेवू शकते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक देतात. तेही मागून घ्या. राखणीचा शेवटचा हिशेब करून पैसे त्यांच्या हाती द्याल, त्याच वेळी हे कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती द्या, आणि प्रत्येकाची एक छायाप्रत तुमच्या कपाटात ठेवा. पुढच्या दिवाळीला ते परत येतील, तेव्हा तिकडचा कागद वाटेत हरवला असला तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन शाळेत जाऊ शकाल.

तुमची,
ताई